शेरीच्या गावांत पाच दिवस: नाकाला गोड, जिभेला ड्राय

पहिला दिवस: हेरेसचा ताबान्को

दक्षिण स्पेनमधल्या सेवियाहून रेल्वेने तासाभरात हेरेस दे ला फ्रोन्तेरा येतं. एप्रिलचा तिसरा आठवडा होता. रस्त्याकडेच्या संत्र्याच्या झाडांचा बहर सरत आला होता, तरी संध्याकाळी गल्लीत त्याचा वास दरवळायचा. त्यात मधूनच जुन्या लाकडाचा आणि आंबलेल्या द्राक्षाचा दुसरा वास मिसळत होता. तो गोदामांच्या उंच खिडक्यांतून येतो. या गावाचं अरबी नाव शेरीश. त्यावरूनच इंग्रजांनी इथल्या वाइनचं नाव ‘शेरी’ केलं.

पहिली संध्याकाळ ताबान्कोत घालवावी. ताबान्को म्हणजे पिंपातून थेट पेल्यात शेरी ओतून देणारं जुनं दुकान-कम-गुत्ता. हिशेब लाकडी फळीवर खडूने मांडतात, पेला दोन-तीन युरोंत मिळतो, आणि काही ठिकाणी कोपऱ्यात फ्लामेन्को चालू असतो. आमच्या ताबान्कोतल्या काकांनी न विचारता ओलोरोसो या गडद शेरीचा पेला पुढे सरकवला. रंग गडद चहासारखा. वास अक्रोडाचा, मनुकांचा, जुन्या फर्निचरचा, थोडा कॅरमेलचा. नाक सांगतं, ही गोड असणार. घोट घेतला तर साखर जवळजवळ शून्य.

गोव्याच्या स्वस्त, लालभडक पोर्टवर ज्यांची ओळख झाली आहे, त्यांच्या डोक्यात ‘फॉर्टिफाइड (वरून स्पिरिट घातलेली) वाइन म्हणजे गोड’ हे पक्कं बसलेलं असतं. पोर्टमध्ये आंबणं चालू असतानाच स्पिरिट घालतात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते, म्हणून ती गोड. बहुतेक शेरीत रस आधी पूर्ण आंबवतात, साखर संपू देतात आणि मग स्पिरिट घालतात. त्यामुळे शेरी मुळात ड्राय असते. गोड शेरी हा वेगळा, मुद्दाम केलेला प्रकार आहे.

मग ओलोरोसो गोड का वाटते? एक कारण वासाचं. मनुका आणि कॅरमेलचा वास मेंदूने आयुष्यभर साखरेसोबतच घेतलेला असतो. दुसरं कारण ग्लिसरॉल. आंबताना तयार होणारा हा पदार्थ ओलोरोसोत लिटरला आठ-दहा ग्रॅम टिकून राहतो आणि वाइन जिभेवर गोलसर, तुपाळ लागते. परीक्षा सोपी आहे. नाक चिमटीत धरून छोटा घोट घ्यायचा. ओलोरोसोचा ‘गोडवा’ तिथल्या तिथे बराचसा नाहीसा होतो. साखर खरोखर असेल तर नाक बंद असूनही जिभेला ती कळते. पाचही दिवस ही युक्ती कामी आली.

*ताबान्कोसाठी:* रात्रीचं स्वयंपाकघर आठच्या आधी सहसा सुरू होत नाही. दुपारचं जेवण दोन ते चार. मधल्या वेळात खारे बदाम, ऑलिव्ह आणि पायोयो चीज मागवावं. हे शेजारच्या डोंगराळ भागातलं शेळीच्या दुधाचं चीज. शाकाहारी असाल तर ‘सिन हामोन’, म्हणजे ‘हॅम नको’, असं स्पष्ट सांगा. टोमॅटोच्या गार साल्मोरेखो सूपवरही डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरून येतात. पालक-छोल्यांची ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मात्र बिनधास्त मागवा, चव ओळखीची वाटेल.

दुसरा दिवस: पांढरी माती आणि दुधावरच्या सायीसारखी फ्लोर

सकाळी गावाबाहेरच्या टेकड्यांवर गेलो. माती इतकी पांढरी की उन्हात डोळे बारीक करावे लागतात. हिला आल्बारीसा म्हणतात. चुनखडीने भरलेली ही माती हिवाळ्याचा पाऊस स्पंजासारखी शोषते. उन्हाळ्यात तिचा वरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी उडत नाही. इथे वर्षाला साधारण ६०० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. द्राक्षतोडणी झाली की ओळींच्या मधोमध आयताकार खड्डे पाडून पाणी अडवतात आणि वसंताआधी जमीन पुन्हा सपाट करतात. बांधबंदिस्ती माहीत असलेल्या माणसाला हे लगेच उमगतं. वेल जवळजवळ सगळे पालोमिनो जातीचे. नुसतं खाल्लं तर हे द्राक्ष साधं, फारसा सुगंध नसलेलं. शेरीची बहुतेक चव पुढे पिंपात तयार होते.

दुपारी बोदेगा, म्हणजे वाइनचं गोदाम. छत देवळाच्या सभामंडपासारखं उंच, भिंती जाडजूड, खिडक्या वरती आणि त्यांवर गवती चटया. जमीन मातीची. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. हवा गार आणि दमट राहिली नाही तर फ्लोर मरते, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

फ्लोर म्हणजे वाइनच्या पृष्ठभागावर धरणारा यीस्टचा थर. एका पिंपाचं तोंड काच लावून उघडं ठेवलं होतं. आतला थर फिक्या पिवळ्या, सुरकुतलेल्या सायीसारखा दिसत होता. वसंतात आणि शरदात तो सर्वांत जाड असतो, म्हणून एप्रिलची वेळ चांगली. फ्लोर हवेला वाइनपर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे रंग फिका राहतो. शिवाय ती अल्कोहोल आणि ग्लिसरॉल खाऊन टाकते आणि बदल्यात अॅसिटाल्डिहाइड सोडते. कच्च्या सफरचंदाचा, कणकेचा, ओल्या बदामाचा वास त्यातूनच येतो. ग्लिसरॉल संपल्यामुळे फ्लोरखाली वाढलेली ही फिकी शेरी, म्हणजे फिनो, जिभेवर धारदार लागते, इतर कुठल्याही पांढऱ्या वाइनपेक्षा कोरडी.

कुठल्या पिंपाने कुठल्या वाटेने जायचं, हे स्पिरिटच्या मापाने ठरतं. १५ टक्क्यांपर्यंत नेलं तर फ्लोर जगते आणि फिनो होते. १७ किंवा त्यावर नेलं तर फ्लोर धरतच नाही, वाइन हवेशी खेळत तपकिरी होते आणि ओलोरोसो तयार होते. फ्लोरखाली काही वर्षं काढून, ती संपल्यावर हवेत जुनी झालेली ती आमोन्तिलादो. नाकाला आमोन्तिलादोसारखी आणि अंगाने ओलोरोसोसारखी भरलेली ती पालो कोर्तादो. द्राक्षाचं तीव्र स्पिरिट थेट ओतत नाहीत. आधी ते वाइनमध्ये निम्मंनिम्मं मिसळून काही दिवस निवू देतात, मग पिंपात घालतात. थेट ओतलं तर वाइन गढुळते.

पिंपं अमेरिकन ओकची, ६०० लिटरची. फिनोसाठी त्यांत ५०० लिटरच भरतात, म्हणजे फ्लोरला पसरायला जागा मिळते. बाहेरून काळा रंग देतात, कारण गळती झाली तर काळ्यावर ती चटकन दिसते. पिंपांच्या उतरंडीतल्या सर्वांत खालच्या रांगेला सोलेरा म्हणतात. ‘सुएलो’ म्हणजे जमीन, त्यावरून हे नाव. वरच्या रांगा क्रियादेरा. बाटलीसाठी सोलेरातून थोडी वाइन काढतात, तितकीच वरच्या रांगेतून तिच्यात उतरवतात, आणि सर्वांत वर नवी वाइन भरतात. घरातलं विरजण आठवा. रोज नवं दूध, पण कालच्या दह्याचा अंश कायम. भरताना भोकं पाडलेल्या नळीने वाइन सायीखाली हळूच सोडतात. धसमुसळेपणा केला तर थर फाटतो आणि ते पिंप फिनोच्या कामाचं राहत नाही.

लेबलवरच्या सोलेराच्या सालाला बरेच जण इथेच फसतात. ‘सोलेरा’ शब्दापुढे छापलेलं १९व्या शतकातलं साल ती उतरंड कधी रचली ते सांगतं. बाटलीतली वाइन त्या साली केलेली नसते. वय हवं असेल तर व्हीओएस आणि व्हीओआरएस ही अक्षरं शोधा: अनुक्रमे सरासरी २० आणि ३० वर्षांहून जास्त, नियामक मंडळाने प्रमाणित केलेली. फिनो या वर्गात येतच नाही.

पिंपातून वाइन काढणाऱ्याचं कसब बघण्यासारखं आहे. वेनेन्सिया म्हणजे लांब लवचीक दांड्याची अरुंद पळी. ती झपकन फ्लोरमधून खाली जाते आणि वर येते. मग डोक्याच्या उंचीवरून धार पेल्यात. धार लांब ठेवली की हवा लागून वास मोकळा होतो.

*चाखण्याचा क्रम:* फिनो किंवा मान्सानिया (सानलूकारची फिनोसारखी वाइन), आमोन्तिलादो, पालो कोर्तादो, ओलोरोसो, मग चढत्या गोडीने मीडियम, क्रीम, मोस्कातेल आणि शेवटी सर्वांत गोड पेद्रो हिमेनेथ. एका बैठकीत पाच पुरे. ट्यूलिपच्या आकाराचा छोटा पेला एक तृतीयांश भरावा, म्हणजे ३०-४० मिली. मध्ये पाणी आणि पिकोस, म्हणजे करकरीत पावकाड्या. थुंकायला भांडं मागायला लाजू नये. १५ ते २२ टक्के अल्कोहोलच्या पाच वाइन गिळल्या तर चौथीनंतर जीभ काही सांगत नाही. क्रम उलटवला तर काय होतं, तेही मुद्दाम करून पाहिलं. पेद्रो हिमेनेथनंतर तीच उत्तम फिनो पाणचट आणि आंबूस लागली. जीभ परत जागेवर यायला वीस मिनिटं आणि बरीच पावकाडी लागली.

तिसरा दिवस: सानलूकार, समुद्राची खारट वाइन

सानलूकार दे बारामेदाला रेल्वे नाही. हेरेसहून बस पाऊण तासात पोहोचवते. ग्वादल्किवीर नदी इथे अटलांटिकला मिळते. १५१९ च्या सप्टेंबरात मॅजेलनची जहाजं इथूनच निघाली. तीन वर्षांनी त्यांतलं एकच, व्हिक्टोरिया, पृथ्वीला वळसा घालून इथे परतलं.

इथे फ्लोरखाली वाढलेली वाइन फिनो नव्हे, मान्सानिया. १९६४ पासून तिला स्वतंत्र मानांकन आहे. द्राक्ष तेच, माती तीच, कृतीही जवळपास तीच. फरक हवेचा. पश्चिमेचा पोनियेन्ते वारा समुद्राची ओल घेऊन येतो, त्यामुळे फ्लोर वर्षभर जाड राहते. पूर्वेचा लेवान्ते कोरडा आणि तापट. तो सुरू झाला की बोदेगातली माणसं खिडक्या मिटून घेतात. आम्ही पोहोचलो त्या दिवशी पोनियेन्ते होता. दुपारीही अंगावर पातळ स्वेटर लागला.

मान्सानियाचा अर्थ कॅमोमाइलची फुलं. वासात ती खरोखरच सापडतात. बाकीच्या स्पेनमध्ये ‘उना मान्सानिया’ म्हटलं तर कॅमोमाइलचा गरम चहा समोर येऊ शकतो. सानलूकारमध्ये तो धोका नाही.

बाहो दे गीया हा नदीकाठचा जुना कोळीवाडा. पैलतीरावर दोन्यानाचं राष्ट्रीय उद्यान. इथे दुपारी दीडला जागा मिळते, अडीचला नाही. लांगोस्तिनो, म्हणजे इथली नावाजलेली कोळंबी, नुसती उकडून मिठासह येते. तोर्तियिता दे कामारोनेस बघून कोकणातला माणूस सुखावतो. सोललेली नव्हे, सालासकट, जवळा म्हणावा इतकी बारीक कोळंबी गहू आणि चण्याच्या पिठाच्या पातळ घोळात घालून कुरकुरीत तळलेली. सोबत अर्धी बाटली मान्सानिया, बर्फाच्या बादलीत. तळणाचं तेल ती धुऊन काढते आणि कोळंबीचा खारेपणा वर आणते. या एका जेवणासाठी सहल वाढवावी लागली तरी वाढवावी.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी एक पारख शिकवली. पेला आधी उजेडात धरायचा. ताजी मान्सानिया फिक्या गवतासारखी दिसते. सोनेरीकडे झुकली असेल, वासात कापून ठेवलेल्या सफरचंदाचा डाग आला असेल आणि जिभेवरची ती खारट टोचणी हरवली असेल, तर बाटली उघडून बरेच दिवस झालेत. बार कितीही चांगला असो, अशा वेळी नवी उघडायला सांगावं. मान्सानिया पासादाचा रंग मात्र मुळातच थोडा गडद असतो, कारण ती जास्त जुनी आणि तिच्यावरची फ्लोर विरळ होत आलेली. तो तिचा दोष नाही, मोठ्या माशांसोबत तीच जास्त शोभते.

*तापमान:* फिनो आणि मान्सानिया ६ ते ८ अंश. आमोन्तिलादो आणि ओलोरोसो १२ ते १४. घरच्या फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवलं की झालं. अगदी थंडगार ओलोरोसो मुकी होते आणि नुसता तुरटपणा उरतो. मुंबईच्या मे महिन्यातल्या ‘रूम टेंपरेचर’ला दिली तर स्पिरिटच नाकात जातं.

चौथा दिवस: एल पुएर्तो आणि गोडाची बाजू

हेरेसहून एल पुएर्तो दे सान्ता मारिया रेल्वेने दहा मिनिटांवर आहे. ग्वादालेते नदीकाठच्या या बंदरातून पूर्वी शेरीची पिंपं जहाजावर चढत. आजचा दिवस गोड प्रकारांसाठी राखून ठेवला होता.

पेद्रो हिमेनेथ हे द्राक्षाचंही नाव आणि वाइनचंही. तोडलेले घड गवती चटयांवर एक-दोन आठवडे उन्हात पसरतात. आपल्या तासगावचा बेदाणा शेडमध्ये, सावलीत वाळतो. इथे कडक ऊन आणि रात्री दवापासून आच्छादन. अर्धवट मनुका झालेल्या द्राक्षांच्या रसात लिटरला ४०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. इतक्या साखरेत यीस्टचं फारसं चालत नाही, मग स्पिरिट घालून आंबणं थांबवतात. यातली बरीच द्राक्षं कोर्दोबाजवळच्या मोन्तिया-मोरिलेसची असतात आणि वाइन जुनी होते इथे. पेल्यात ती काकवीसारखी काळी आणि चिकट दिसते. वास अंजीर, खजूर, कॉफीचा. मोस्कातेल तुलनेने फुलांची आहे, संत्र्याचा बहर आणि मोगऱ्याकडे जाणारी. चिपियोनाच्या वाळूत वाढते.

मीडियम आणि क्रीम या शेरी ड्राय आणि गोड या दोन्हींच्या मधल्या. ड्राय वाइनमध्ये गोड वाइन मिसळून त्या करतात. इथे एक प्रयोग टेबलावरच करता येतो आणि तो प्रत्येकाने करावा. साध्या ओलोरोसोचे नऊ भाग आणि पेद्रो हिमेनेथचा एक भाग घेतला की लिटरला सुमारे ४० ग्रॅम साखर होते, म्हणजे मीडियम. तीनास एक घेतला की १००, अजूनही मीडियम. दोनास एक घेतला की १३३, ही झाली क्रीम. ४० ग्रॅमच्या पेल्यात गोडी जेमतेम जाणवते, पण ओलोरोसोचा तुरटपणा गुळगुळीत होतो. आमच्या मते सर्वांत चवदार मिश्रण तेच होतं. दोनास एकचा पेला पहिल्या घोटाला मोहवतो आणि अर्ध्यावर जड होतो. जेवणानंतर ३० मिली पुरे.

बाटली घेताना शब्द आणि आकडे दोन्ही बघा. फिनो आणि मान्सानियात लिटरला ४ ग्रॅमपेक्षा कमी साखर, आमोन्तिलादो, पालो कोर्तादो आणि ओलोरोसोत ५ पेक्षा कमी. मीडियम ५ ते ११५, इतका रुंद पट्टा की हा एक शब्द पुरेसा नाही, साखरेचा आकडा शोधावाच. पेल क्रीम ४५ ते ११५. ती दिसायला फिनोसारखी फिकी, म्हणून रंगावर जाणारे हमखास चुकतात. क्रीम ११५ ते १४०. मोस्कातेल १६० च्या वर, पेद्रो हिमेनेथ २१२ च्या वर. ‘गोड ओलोरोसो’ असं लेबल २०१२ पासून नियमात बसत नाही. कुणाच्या कपाटात तशी जुनी बाटली असेल तर ती आजच्या भाषेत क्रीम किंवा मीडियम समजावी.

गोडाचा शेवट तोसिनो दे सिएलोने केला. अंड्याचा पिवळा बलक आणि पाक, बाकी काही नाही. वाइन निवळायला पांढरा बलक वापरत, उरलेला पिवळा मठांतल्या जोगिणींना देत, त्यातून हे गोड जन्मलं असं इथे सांगतात. गोव्याच्या बेबिंकाबद्दलही मठ आणि पिवळ्या बलकाची गोष्ट ऐकलेली असते, त्यामुळे पहिला चमचा ओळखीचा लागला. सोबत पेद्रो हिमेनेथ नको, दोन्ही गोड एकमेकांत बुडतात. मोस्कातेल घ्या, तिचा संत्र्यासारखा वास पाकाला मोकळं करतो. फिनो तर अजिबात नको. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते.

पाचवा दिवस: खरेदी आणि परतीची पेटी

बहुतेक बोदेगा रविवारी बंद किंवा अर्धा दिवस, म्हणून खरेदी शनिवारी सकाळी उरकावी. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. ७५० मिलीच्या दोन आणि ५०० मिलीची एक, हे गणित बरोबर बसतं. बऱ्याच जुन्या वाइन ५०० मिलीतच मिळतात. हातातल्या बॅगेत चालत नाही, कपड्यांत गुंडाळून मोठ्या पेटीच्या मध्यभागी ठेवावी, कडेला नाही.

फिनो घेताना बाटली भरल्याची तारीख विचारा. बऱ्याचदा मागच्या लेबलवर ‘एल’ अक्षरानंतर वर्षाचे आकडे आणि वर्षातला कितवा दिवस असतो. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी सोडा. ‘एन रामा’ लिहिलेली, म्हणजे जवळजवळ न गाळलेली वसंतातली फिनो मिळाली तर जरूर घ्या, पण घरी पोहोचल्यावर तिला फ्रिजमध्येच जागा द्या. सगळ्या बाटल्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या ठेवल्या तर इतक्या अल्कोहोलने बुचाचा वास वाइनमध्ये उतरतो.

उघडल्यावरचं आयुष्य: फिनो आणि मान्सानिया फ्रिजमध्ये आठवडाभर, खरी मजा पहिल्या दोन-तीन दिवसांत. दोघंच असाल तर ३७५ मिलीचीच घ्या. आमोन्तिलादो दोन-तीन आठवडे, ओलोरोसो महिना-दीड महिना, पेद्रो हिमेनेथ त्याहून जास्त. कारण तेच, फ्लोरने हवेपासून जपलेल्या वाइनला हवा सोसत नाही. ओलोरोसोने ती आधीच वर्षानुवर्षं सोसलेली असते.

आम्ही आणलं ते असं: एक मान्सानिया, एक ओलोरोसो आणि ५०० मिली पेद्रो हिमेनेथ. मान्सानिया बांगडा फ्राय आणि सोड्यांसोबत, मसाला हलका ठेवून. जास्त तिखटाबरोबर अल्कोहोल घशात जाळ करतं. पेद्रो हिमेनेथ साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे. ओलोरोसो मटणाच्या सुक्याबरोबर, पण तिला घाई नाही, न उघडलेली बाटली दिवाळीपर्यंत आरामात थांबेल.